प्रश्नकर्त्याचे स्थान : समाजचिंतनातील संवादरूपाचा मागोवा

समाज कसा बदलावा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे निबंध, व्याख्यान आणि वृत्तपत्रीय लेख या मार्गांनी झाला, तसाच तो संवादाच्या मार्गानेही झाला. पहिल्या तीन मार्गांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. संवादाकडे मात्र केवळ मांडणीची एक सोय म्हणून पाहण्याची प्रथा पडली. वस्तुतः लेखक संवादरूप स्वीकारतो तेव्हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, उत्तराला आव्हान देता येते की नाही, आणि ऐकणाऱ्याबरोबर बोलणाराही बदलू शकतो की नाही, या गोष्टींचा निर्णय त्याला करावाच लागतो. समाजपरिवर्तनाच्या विचारात हे प्रश्न गौण नाहीत; ज्या समाजाविषयी बोलायचे त्या समाजातील माणसांच्या परस्परसंबंधांचेच ते प्रश्न आहेत. या दृष्टीने १८७३ ते १९३७ या कालखंडातील काही संवादांचा येथे विचार करावयाचा आहे.

मराठीला हे रूप नवे नव्हते. 'विवेकसिंधु' गुरुशिष्यसंवादाच्या आधाराने उभा आहे आणि 'ज्ञानेश्वरी'त अर्जुनाची शंका श्रीकृष्णाच्या निरूपणाला पुढे नेते. परंतु या परंपरेत शिष्याची शंका ही ज्ञान ग्रहण करण्याची तयारी असते. गुरूच्या अधिकाराला तिच्यामुळे बाध येत नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या प्रश्नोत्तरवजा पुस्तिका आणि जाहीर धर्मचर्चा यांनी या रूपाला खंडनमंडनाची धार दिली. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वादविवाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) लिहिताना हे दोन्ही वारसे हाताशी घेतले आणि त्यांचा रोख बदलला. ग्रंथाच्या सोळा भागांत जोतीराव आणि धोंडीबा एकमेकांशी बोलतात. पुराणांतील अवतारकथांचा अर्थ जोतीराव उलगडतात आणि धोंडीबा विचारतो, अडवतो, मध्येच आपल्या अनुभवाची साक्ष काढतो. उत्तर देणारा आणि प्रश्न विचारणारा असे दोघेही शूद्र आहेत, ही येथील महत्त्वाची गोष्ट. शास्त्रार्थ करण्याचा अधिकार ज्यांना परंपरेने नाकारला होता त्यांनी तो आपसांतच सुरू केला. त्यासाठी कोणाची अनुज्ञा मागितली नाही. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात मध्येमध्ये भाष्य करण्याचे काम फुल्यांनी विदूषकाकडे दिले होते. 'गुलामगिरी'त ते काम बरोबरीच्या माणसाकडे आले. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका'त तर प्रश्नकर्ते अनेक आहेत आणि त्यांना नावे आहेत. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर फुल्यांनी हा ग्रंथ डाव्या हाताने लिहिला.

तरीही 'गुलामगिरी'ची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. धोंडीबाच्या शंका खऱ्या असल्या तरी त्यांचे निरसन होणार हे आधीच ठरलेले आहे. ज्यांच्याविरुद्ध हा सारा युक्तिवाद आहे त्यांचा प्रतिनिधी संवादात कोठेच नाही. मात्र तो नसण्याला कारण आहे. ज्यांनी शतकानुशतके दुसऱ्यांना बोलू दिले नाही त्यांना पहिल्याच संभाषणात आसन देणे फुल्यांना अगत्याचे वाटले नाही, आणि आधी आपसांत बोलून स्वतःचे शब्द सापडणे त्यांना अधिक निकडीचे वाटले असावे.

'हिंद स्वराज' (१९०९) या ग्रंथात स्थिती उलट आहे. लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत गांधीजींनी तो गुजरातीत लिहिला; उजवा हात थकला तेव्हा काही पाने त्यांनीही डाव्या हाताने लिहिली. वीस प्रकरणांत 'वाचक' विचारतो आणि 'अधिपति', म्हणजे संपादक, उत्तर देतो. हा वाचक शिष्य नव्हे. तो उतावळा आहे, शस्त्रबळावर त्याचा विश्वास आहे आणि संपादकाची मते ऐकून तो चिडतोही. लंडनमधील क्रांतिकारक तरुणांशी झालेल्या भेटी त्याच्यामागे आहेत. डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याशी झालेला वादच आपण त्यात बहुतांशी उतरविला, असे गांधीजींनी पुढे १९४० मध्ये सांगितले. इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी या रूपाचे समर्थनही केले : गुजराती भाषेला ते सहज मानवते आणि कठीण विषयाच्या प्रतिपादनाला ते उत्तम समजले जाते. मुंबई सरकारने १९१० च्या मार्च महिन्यात पुस्तकावर बंदी घातली.

म्हणजे फुल्यांनी आपल्या माणसाला प्रश्नकर्ता केले, तर गांधीजींनी विरोधकाला. दुसऱ्या पद्धतीत औदार्य अधिक दिसते. पण ज्या क्षणी विरोधकाची वाक्येही आपणच लिहितो त्या क्षणी शेवटचा शब्द आपल्याकडेच राहतो. शिवाय त्या वाचकाला पारतंत्र्याचा जाच आहे, रेल्वे, वकील आणि डॉक्टर यांच्याविषयी तो विचारतो, परंतु गावकुसाबाहेरून तो प्रश्न विचारीत नाही. धोंडीबाची जागा येथे रिकामी आहे.

ती जागा १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात भरली गेली. दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघण्याच्या आदल्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटले. अस्पृश्यतानिवारणासाठी काँग्रेसने वीस लाख रुपये खर्च केले, असे गांधीजींनी सांगितले. तो पैसा वाया गेला, असे आंबेडकरांनी उत्तर दिले आणि ज्या भूमीत आपल्याला माणूस म्हणून वागविले जात नाही तिला आपली म्हणता येत नाही, असे बजावले. चरित्रकारांनी दिलेला हा वृत्तांत मुख्यतः आंबेडकरांच्या बाजूने आलेला आहे. आंबेडकर हे अस्पृश्यांची कळकळ असणारे ब्राह्मण असावेत, असा आपला त्या वेळी समज होता, असे गांधीजींनी नंतर सांगितल्याचे महादेव देसाई यांनी नोंदविले आहे. समोरचा माणूस कोठून बोलत आहे हे ठाऊक नसेल तर त्याच्या शब्दांचा अर्थ किती बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. लिखित संवादात असा गैरसमज होऊच शकत नाही, कारण तेथे दोन्ही पात्रे एकाच लेखकाला पूर्ण परिचित असतात.

पुढच्या वर्षी २२ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात दोघे पुन्हा बोलले. त्या वेळी गांधीजींच्या उपोषणाचा तिसरा दिवस होता. दोन दिवसांनी पुणे करार झाला. जातीय निवाड्यात दलितांसाठी असलेल्या ७१ जागांऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. या संभाषणाचे मोल ठरविताना एक गोष्ट विसरता येत नाही. एका पक्षाचे प्राण पणाला लागलेले असताना दुसऱ्या पक्षाचा नकार मोकळा राहत नाही. करार पदरात पडला; त्याला संवाद म्हणावे की नाही, यावर वाद होऊ शकतो.

खरा संवाद म्हणावा असा प्रसंग चार वर्षांनी आला, आणि तो कागदावर आला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले, भाषणाचा मजकूर पाहून मंडळ बिचकले आणि परिषदच रद्द झाली. न दिलेले ते भाषण आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या अर्थाच्या इंग्रजी नावाने स्वतःच छापले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचा परामर्श घेतला. धर्माची पारख त्याच्या निकृष्ट अनुयायांवरून करू नये, जात आणि वर्ण या वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच लेखात कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असेही ते म्हणाले, आणि आठ आण्यांची किंमत दोन आण्यांवर, निदान चार आण्यांवर आणावी, अशी सूचना त्यांनी केली. आंबेडकरांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख घेतले आणि त्यांपुढे आपले सविस्तर उत्तर जोडले.

या आवृत्तीचे साहित्यिक महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. प्रतिपक्षाचे शब्द येथे त्याच्याच लेखणीतून आलेले आहेत. वाचकाला दोन्ही बाजू आपापल्या भाषेत वाचता येतात आणि निर्णय त्याच्याकडे येतो. आंबेडकरांचे उत्तर कठोर आहे. गांधीजींच्या भूमिकेला ते कोठेही सवलत देत नाही. तथापि प्रतिपक्षाचा आवाज आपल्या पुस्तकात येऊ देण्याइतका विश्वास त्यांना स्वतःच्या युक्तिवादावर होता. फुल्यांच्या काळात जे आसन रिकामे ठेवणे आवश्यक होते ते आता देता येत होते, कारण देणाऱ्याचा स्वतःचा आवाज सिद्ध झालेला होता.

त्या वादात कोणी कोणाचे मत बदलले, असे म्हणता येणार नाही. पण १९४६ मध्ये सेवाग्राम आश्रमात सवर्ण आणि हरिजन यांच्यातीलच विवाह होतील, असा दंडक गांधीजींनी घातला. आणि मिश्रविवाह हाच जातिभेदावरचा खरा उपाय, हे प्रतिपादन १९३६ च्या त्या भाषणात होते. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचा आग्रह येथे नाही. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने त्यावरून एवढे ध्यानात घ्यावे की समाजपरिवर्तनाच्या संवादाची किंमत त्यातील शेवटच्या वाक्यावरून ठरत नाही. प्रश्न कोणी विचारला, तो त्याच्याच शब्दांत नोंदविला गेला की नाही, आणि उत्तर देणाऱ्याला तो पुढची वर्षे सोबत वागवावा लागला की नाही, यांवरून ती ठरते.