काकीचं गाव आणि बाबांचे अर्ज

मंडळी, मागच्या आठवड्यात भाच्याने कान्हाहून एक फोटो पाठवला. सकाळचं धुकं, हिरवंगार कुरण आणि मधोमध बारशिंग्यांचा कळप. खाली लिहिलं होतं, "मामा, सोंफ मैदान!" फोटो सुंदरच होता. पण माझी नजर बारशिंग्यांवर टिकेना. कारण सोंफ हे एकेकाळी मैदान नव्हतं, गाव होतं. बिशनपुराही गावच होतं. आज पर्यटक ज्या कुरणांवर जिप्सी थांबवून फोटो काढतात, त्यातली कित्येक कुरणं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. तेव्हा आज लिहायचंय ते आमच्या घरी कामाला येणाऱ्या एका बैगा बाईबद्दल. आम्ही तिला काकी म्हणायचो.

आधी थोडं आपल्या माणसांबद्दल. बालाघाट जिल्हा झाला १८६७ साली, भंडारा, सिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून. शहराचं जुनं नाव बुऱ्हा. खाली वैनगंगेचं धानाचं खोरं आणि वर घाट चढून गेलं की बैहरचं पठार. इंग्रज अधिकाऱ्यांना पठारावर शेती वाढवायची होती, म्हणून खालून पवारांसारख्या कसबी शेतकऱ्यांना वर यायला उत्तेजन मिळालं. पुढे १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदिया-जबलपूर छोटी गाडी सुरू झाली, मँगनीजच्या खाणी वाढल्या, आणि कारकून, मास्तर, वकील, दुकानदार अशी आपली मंडळी येत गेली. माझे आजोबा साकोलीकडून आले ते त्याच लाटेत. बाबा बैहरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसायचे. टेबल, शाईची दौत, स्टँपपेपरची पेटी आणि वर ताडपत्री.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. भंडारा, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि हायकोर्ट जबलपूरला. आमचं घर जागचं हललं नाही, पण आजोबांचं माहेरघर, म्हणजे नागपूर, एका रात्रीत परराज्यात गेलं. आजोबा त्यानंतर गप्प झाले असं आई सांगायची. संध्याकाळी स्टेशनवर जाऊन नुसते बसायचे, गोंदियाची गाडी सुटेपर्यंत. घरात कोणी त्यांना आळशी म्हटलं नाही की वेडं म्हटलं नाही. "गावाची ओढ आहे," असं सगळे समजून घ्यायचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बैगांकडे वळू. हे लोक या डोंगरांचे जुने रहिवासी. गोंडांच्या गावांतही गावदेवतेचा पुजारी बैगाच असायचा. शिवेचा तंटा झाला तर शीव कुठून जाते हे बैगाला विचारायचे, कारण शिवेवरचे देव त्याला ठाऊक. त्यांची शेती म्हणजे बेवर: जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत कोदो-कुटकी पेरायची, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे जायचं. नांगर घालणं म्हणजे धरतीमायची छाती फाडणं, अशी त्यांची जुनी समजूत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखातं आलं, राखीव जंगलं झाली आणि बेवर बंद होत गेलं. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात सुमारे २४ हजार एकरांचा 'बैगा चक' आखून तेवढ्यापुरती मुभा ठेवली. बैहरचे बैगा त्या चकाच्या बाहेरच राहिले.

मंडल्याकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली 'द बैगा' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे त्यांनी 'लॉस ऑफ नर्व्ह' नावाची एक पुस्तिका काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर 'धीर सुटणे'. जंगल, बेवर, शिकार, सण हे सगळं एकामागून एक हातातून गेलं की माणूस नुसता गरीब होत नाही, त्याचा जगण्यातला रस आटतो, हे त्यांचं म्हणणं. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण मुद्दा तोच होता.

कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आतली गावं एकेक करून बाहेर आणली गेली. यात खोटं काही नाही की त्यामुळे बारशिंगा वाचला. १९७० मध्ये तो ६६ वर आला होता, आज शेकड्यांनी आहे. ते श्रेय द्यायलाच हवं. पण त्या हिशेबाची दुसरी बाजू आमच्या ओसरीवर बसायची.

काकी आमच्याकडे आली तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. कपाळापासून पायापर्यंत गोंदण, आवाज अगदी बारीक. तिचं गाव जंगलातून उठून काही कोसांवर उघड्या माळावर आलं होतं. जमीन मिळाली होती, पण नवऱ्याचं शेतात मन लागत नव्हतं आणि मोहाची दारू वाढली होती. काकी भांडी घासता घासता थांबायची. हात पाण्यात तसाच, नजर कुठेतरी. आई ओरडायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "ह्या लोकांना कामाची सवयच नाही." कोणी म्हणालं, बाहेरचं काही लागलंय. कोणी म्हणालं, नागपूरला दाखवा. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे 'नागपूरला दाखवा' याचा अर्थ काय ते. तिथलं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं.

तीनदा ती न सांगता निघून गेली. तिन्ही वेळा जुन्या गावाच्या वाटेवर सापडली, तिन्ही वेळा परत आणली. तिसऱ्यांदा बाबांनी तिला समोर बसवून विचारलं, "काय कमी आहे गं तिकडे? तुझं अख्खं गाव तर सोबत आलंय." ती म्हणाली, "इहां मोला कोनो नइ चिन्हय." इथं मला कोणी ओळखत नाही. बाबांना कळेना. माणसं तर तीच होती! मग तिने बोटावर मोजून सांगितलं: ठाकूरदेवाचा साजा (आपण ज्याला ऐन म्हणतो), नाल्याकाठची चार, सासूला जिथे पुरलं तो उतार, जिथे तिची पोरं जन्मली ती जागा. ही सगळी तिला ओळखणारी. ती काही बैलगाडीत घालून आणता आली नव्हती.

बाबांनी त्या गावासाठी कितीतरी अर्ज लिहिले होते. पट्ट्यासाठी, विहिरीसाठी, पैसे कमी मिळाले म्हणून. त्या रात्री ते आईला म्हणाले, "अर्जात रकबा लिहायला जागा आहे, खसरा नंबर लिहायला आहे. साजाला कुठे लिहू?" मी अंथरुणात जागा होतो, म्हणून ऐकलं.

त्यानंतर काकी कधी पळून गेली नाही. सगळे म्हणाले, सुधारली. आज वाटतं, ती सुधारली नव्हती, तिने परत जायची आशाच सोडली होती. दोनेक वर्षांनी ती कामाला यायची थांबली. आम्ही चौकशी केली नाही. दुसरी बाई मिळाली.

आपण धानाच्या मुलखातले, म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. पऱ्हे उपटून बांधीत रोवले की पहिले काही दिवस पिवळे पडतात. आपण त्यांना आळशी म्हणतो का? बांधीत पाणी आहे की नाही ते बघतो. अमेरिकेत मिंडी फुलिलव्ह या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी नेमका हाच दाखला घेतला. तिकडे शहर सुधारणेच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पाडल्या गेल्या, तेव्हा उठलेल्या माणसांच्या मनाला जो धक्का बसला, त्याला त्यांनी झाड उपटल्यावर मुळांना बसणाऱ्या धक्क्याचं नाव दिलं, 'रूट शॉक'. ऑस्ट्रेलियात ग्लेन अल्ब्रेख्ट यांनी कोळसा खाणींजवळ राहणाऱ्यांचं दुःख पाहून 'सोलास्टॅल्जिया' हा शब्द काढला: माणूस घरातच आहे, पण भोवतालचं घर हरवलंय. आजोबा स्टेशनवर बसायचे ते याच जातीचं दुःख. फरक एवढाच, की आजोबांकडे गोंदियाची गाडी होती, पत्रं होती, सणाला येणारे पाहुणे होते आणि समजून घेणारं घर होतं. काकीचं दुःख आम्ही आळस म्हणून खात्यात मांडलं.

कायद्याला हे थोडंफार उमगलं ते फार उशिरा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बैगांसारख्या समाजांसाठी नुसत्या जमिनीचा नाही, तर अख्ख्या अधिवासाचा हक्क मान्य झाला. २०१५ च्या सुमारास डिंडोरीतल्या बैगा गावांना देशात पहिल्यांदा तो मिळाला. म्हणजे साजा, नाला, उतार यांना कागदावर जागा मिळाली. बाबा तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी तो कागद दोनदा वाचला असता.

भाच्याला मी उत्तर पाठवलं, "फोटो छान आहे. घरी आलास की त्या मैदानाची गोष्ट सांगतो." तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी अशी एखादी काकी होती? मलाजखंड, परसवाडा, लांजी, बैहर, जिथे तुमची घरं होती तिथली. नाव लिहू नका, पण काय आठवतं ते लिहा. आणि आई अजून असेल तर तिला एकदा विचारा, ती बाई पुढे कुठे गेली. आमच्या आईला विचारायचं माझं राहून गेलं.