निगेटिव्ह कुणाची?

हायपोचा वास ज्यांच्या ओळखीचा आहे अशी माणसं आता कमी होत चालली आहेत. माझ्या तो लहानपणापासून ओळखीचा, कारण सांगलीत मामांचा फोटो स्टुडिओ होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. पासपोर्ट फोटो, मुंजी, साखरपुडे. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यात एखादी नवरी हळूहळू उमटायला लागली की अजूनही मला जादूच वाटते. मामांचा एकच नियम कडक होता. प्रिंट हव्या तेवढ्या द्या, निगेटिव्ह गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. निगेटिव्ह गेली की पुढच्या कॉप्यांचे पैसे गेले, इतका साधा हिशेब.

या विद्येचा उपयोग मला १९९७ साली झाला. अमेरिकेत एमएस करायला गेलो होतो, मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. बरोबरची देसी मंडळी कॅफेटेरियात ताटल्या विसळायची नाहीतर लायब्ररीत पुस्तकं लावायची. मी विद्यार्थ्यांच्या दैनिकाच्या डार्करूममध्ये शिरलो. तासाला ५.१५ डॉलर, म्हणजे तेव्हाचं किमान वेतन.

दैनिक म्हटल्यावर मी आधी चक्रावलोच होतो. आपल्याकडे कॉलेजचं नियतकालिक म्हणजे वर्षातून एकदा निघणारा अंक. पहिल्या पानावर प्राचार्यांचा फोटो, मग पावसावरच्या आठ कविता. इथे वीस-एकवीस वर्षांची पोरं आठवड्यातून पाच दिवस खरंखुरं वर्तमानपत्र काढत होती, आणि प्राचार्यांना (म्हणजे तिथल्या प्रेसिडेंटना) त्यात काय आलंय ते इतरांबरोबर सकाळीच कळायचं.

दुपारी चारला बैठक. आज काय आहे, कोण जाणार, फोटो लागेल का. मग मी कॅमेरा घेऊन बाहेर. फिल्म शंभर फुटी रिळातून कापून रिकाम्या डब्यांत आम्हीच भरायचो, स्वस्त पडते म्हणून. सातच्या आत परत येऊन डेव्हलप करायची, वाळवायची, कॉन्टॅक्ट शीट काढायची. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे छत्तीसच्या छत्तीस फ्रेम एका कागदावर, नखाएवढ्या. संपादिका भिंग डोळ्याला लावून बघायची आणि एका फ्रेमभोवती लाल खडूने चौकोन काढायची. छत्तीसातली ती एक छापायची. उरलेल्या पस्तीस प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट फायलीत, फाईल कपाटात.

पानं कॉम्प्युटरवर लागायची, पण मजकुराचे पट्टे छापून, मागे मेण लावून, मोठ्या पुठ्ठ्यावर हातानेच चिकटवावे लागत. शेवटच्या क्षणी चूक सापडली की ब्लेडने एक अक्षर कापून दुसरं बसवायचं. ते अक्षर कधीकधी कुणाच्या तरी स्वेटरला चिकटून घरी जायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला कुणीतरी ते पुठ्ठे गाडीच्या डिकीत घालून छापखान्यात नेऊन द्यायचं. आणि हे सगळं चालायचं कशावर, तर पिझ्झाच्या कुपनांच्या जाहिरातींवर. मला ते दिवस फार आवडायचे.

एप्रिल १९९८ मध्ये फीवाढीविरुद्ध साठ-सत्तर विद्यार्थी मुख्य इमारतीच्या दारात बसले. संध्याकाळी रेटारेटी झाली, दाराची एक काच फुटली, कुणाला फारसं लागलं नाही. मी एक रोल काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एक फोटो आला, खाली माझं नाव. मी चार प्रती सांगलीला पाठवल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी ऑफिसात मी एकटाच असताना, विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं काम बघणाऱ्या कचेरीतले एक गृहस्थ आले. अतिशय सभ्य. फोटो छान आहे म्हणाले. बाकीचेही बघायला मिळतील का, म्हणाले. मी कोण, कुठल्या देशाचा, हेही त्यांनी अगदी सहज विचारलं. तेवढं पुरलं. माझ्या डोळ्यासमोर व्हिसाचा शिक्का आला. मी फाईल काढली आणि कॉन्टॅक्ट शीट त्यांच्या हातात दिली. निगेटिव्ह दिल्या नाहीत, हे मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. मामांचा नियम शब्दशः पाळला म्हणायचा!

चारच्या बैठकीनंतर संपादिकेला सांगितलं. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, तुला स्टॅनफर्डचं माहीत नाही का? मला कुठून माहीत असणार. तिने त्या रात्री जे सांगितलं ते, आणि पुढे मी स्वतः वाचलं ते, असं आहे.

९ एप्रिल १९७१, शुक्रवार. स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलमध्ये एका कृष्णवर्णीय सफाई कामगाराला काढून टाकल्याच्या निषेधार्थ आंदोलकांनी प्रशासनाची कचेरी अडवली होती. कॉरिडॉरची दोन्ही टोकांची दारं आतून बंद. पोलिसांनी पश्चिमेचं दार फोडायला घेतलं, तेव्हा काही जण पूर्वेच्या दाराने काठ्या घेऊन बाहेर पडले आणि तिथे उभ्या असलेल्या नऊ पोलिसांवर तुटून पडले. नऊच्या नऊ जखमी झाले, एकाच्या खांद्याचं हाड मोडलं. मारणाऱ्यांपैकी फक्त दोघांना पोलीस ओळखू शकले. पोलिसांचा फोटोग्राफर त्या बाजूला नव्हता. पण कुणीतरी तिथे फोटो काढत होतं, हे एका पोलिसाने पाहिलं होतं.

रविवारी, ११ तारखेला, म्हणजे ईस्टरच्या दिवशी, 'द स्टॅनफर्ड डेली'ने खास अंक काढला. आतल्या फोटोंवरून त्यांचा माणूस पूर्वेच्या टोकाला होता हे उघड झालं. सोमवारी पोलिसांनी न्यायाधीशाकडून वॉरंट घेतलं आणि चार जण डेलीच्या ऑफिसात आले. डार्करूम, फायलींची कपाटं, टेबलं, कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा शोधल्या. कुलूपबंद खणांना हात लावला नाही. सापडले ते फक्त आधीच छापून आलेले फोटो. काहीही न नेता ते परत गेले.

म्हणजे घडलं काहीच नाही, असं म्हणता येईल. पण त्या पोरांनी महिनाभरात पोलिसप्रमुख झर्चर यांच्यासह संबंधितांवर दावा ठोकला. त्यांचं म्हणणं असं की गुन्ह्याचा संशय आमच्यावर नाही. फोटो हवे असतील तर ते हजर करा असा कोर्टाचा हुकूम आणा. मग आम्हाला कोर्टात उभं राहून 'देत नाही, आणि का देत नाही ते ऐका' असं म्हणता येईल. झडतीचं वॉरंट आलं की हे बोलायची सोयच उरत नाही, ते कळतं तेच पोलीस दारात आल्यावर. आणि शोधताना पोलिसांच्या नजरेखालून बातमीदारांच्या वह्या आणि पत्रं जातात, ती वेगळीच.

१९७२ साली खालच्या कोर्टाने हे मान्य केलं. १९७७ मध्ये वरच्या कोर्टानेही. पण ३१ मे १९७८ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती व्हाइट यांनी लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की पुरावा जिथे असेल तिथे वॉरंट घेऊन जाता येतं, जागेचा मालक निर्दोष असो वा वर्तमानपत्र असो. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट विरोधात गेले. आपण सांगितलेलं पोलिसांच्या हाती पडू शकतं हे कळल्यावर बातमीदाराशी कोण बोलेल, हा त्यांचा मुद्दा.

विद्यार्थी हरले. त्या दाव्यातली मुलं तोवर पदवी घेऊन केव्हाच पांगली होती. पण या निकालाने मोठी वर्तमानपत्रं हादरली, ओरड झाली, आणि १९८० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला. काही अपवाद सोडले तर पत्रकाराच्या टिपणांसाठी नि फोटोंसाठी झडती घ्यायची नाही. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या बड्या पत्रकारांना मिळालेलं हे संरक्षण मुळात एका कॉलेजच्या पेपराच्या कचऱ्याच्या टोपलीतून आलंय.

या गोष्टीत मला एक तपशील खुपतो, तो सांगायलाच हवा. आंदोलकांवर खटला भरायला मदत होईल असे फोटो आम्ही नष्ट करू, असं धोरण डेलीने आधीच जाहीर केलं होतं. निकालपत्रात तसा उल्लेख आहे. पोलिसांनी हुकुमाऐवजी वॉरंट का आणलं याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. मला ते धोरण पटत नाही. नऊ माणसं मार खाऊन पडली होती, तीही कुणाची तरी पोरंच. फोटो न देणं वेगळं आणि जाळणं वेगळं. आमच्या संपादिकेला मी हे म्हटलं तेव्हा ती म्हणाली, बरोबर आहे, पण तुला कुणी जाळायला सांगितलं नव्हतं, फक्त थांबायला सांगितलं असतं.

त्या आठवड्यात आमच्या अग्रलेखात तिने सरळ लिहिलं की न छापलेले फोटो आमच्याकडून दिले गेले, ते द्यायला नको होते. माझं नाव नव्हतं. ऑफिसातल्या कुणीही नंतर विषय काढला नाही. माझी नोकरीही राहिली.

कायदा झाला म्हणजे तो सगळ्यांना ठाऊक असतो असं नाही. एप्रिल २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या 'द ब्रीझ' या विद्यार्थी वर्तमानपत्रात सरकारी वकील पोलीस घेऊन शिरल्या. एका दंग्याचे फोटो हवे होते, नऊशेहून अधिक घेऊन गेल्या. पुढे त्यांना माफी मागावी लागली, आणि वकिलांच्या खर्चापोटी दहा हजार डॉलर भरावे लागले. ती बातमी वाचताना मी हापिसात होतो, आणि बाविसाव्या फ्रेमची आठवण झाली.

बाविसाव्या फ्रेममध्ये अल्गोरिदमच्या वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. त्याचा पंजा काचेवर टेकलेला. पुढच्या फ्रेममध्ये काच नाही. फोटो बघून कुणीही म्हणेल, यानेच फोडली. मी सहा फुटांवर उभा होतो. मागच्या गर्दीचा रेटा आला, तो पुढे ढकलला गेला आणि त्याने तोंड वाचवायला हात पुढे केला. हे फोटोत दिसत नाही. त्याला एका सत्रासाठी शिस्तभंगाची ताकीद मिळाली आणि काचेचे पैसे भरावे लागले. चौकशीत मला कुणी बोलावलं नाही. मीही आपणहून गेलो नाही. फोटो दिला, साक्ष दिली नाही.

त्याला माहीत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. फोटोखाली माझं नाव होतं, अग्रलेखही त्याने वाचला असणार. शेवटच्या परीक्षेच्या आधी त्याने मागे वळून दोन तासांच्या नोट्स मागितल्या, आणि मी वहीच देऊन टाकली.