अठरा वर्षांच्या दोघी

आमच्या जयसिंगपुरात कुणाचं दुखणं हाताबाहेर जायला लागलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "मिरजेला मिशनमध्ये दाखवा." आजीच्या तोंडी हॉस्पिटल हा शब्द कधी आलाच नाही. मी अठरा वर्षांची असताना तिच्या ऑपरेशनच्या वेळी तिथं आठवडाभर सोबतीला राहिले. रात्री झोप यायची नाही, तेव्हा मोबाईलवर शोधायला लागले: ही मिशनवाली माणसं इतक्या लांबून इथं आली तरी कशी?

विल्यम वानलेस या डॉक्टरनं १८९४ मध्ये हा दवाखाना सुरू केला, हे लगेच सापडलं. त्याला कुणी पाठवलं, त्याच्याआधी कोण आलं, असं मागे मागे जात राहिले आणि एका मुलीपाशी पोचले. घर सोडलं तेव्हा तीही अठराचीच होती.

हॅरिएट ॲटवुड. जन्म १७९३, गाव हेवरहिल, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं. वडील लवकर गेले, मागे आई आणि मोठं खटलं. सॅम्युअल न्यूवेल या तरुणानं तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा त्याचं हिंदुस्थानात धर्मप्रचाराला जायचं ठरत होतं. म्हणजे लग्नाला होकार दिला की देश सुटला, बहुधा कायमचा. तिनं आईची परवानगी घेतली आणि होकार दिला.

९ फेब्रुवारी १८१२ ला लग्न झालं आणि दहा दिवसांनी सेलम बंदरातून 'कॅरव्हॅन' नावाचं जहाज सुटलं. अमेरिकन बोर्ड या संस्थेनं परदेशी पाठवलेली ही पहिलीच तुकडी. दीक्षा फक्त पुरुषांना मिळाली होती. बायका गेल्या त्या मिशनऱ्यांच्या बायका म्हणूनच.

जूनमध्ये ते कलकत्त्याला पोचले. जवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं त्यांना आसरा दिला. हा तोच कॅरी, ज्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येईल, ही भीती. त्यात त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध पेटलं. निघून जा, असा हुकूम आला.

ऑगस्टमध्ये न्यूवेल पती-पत्नी मॉरिशसच्या जहाजात बसले. हॅरिएटला दिवस गेले होते. भर समुद्रात वेळेआधीच मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. हॅरिएटला क्षयानं गाठलं. ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये तिनं प्राण सोडला. वय एकोणीस. ज्या देशासाठी घर सोडलं, तिथं ती दोन महिनेही राहिली नव्हती.

तिची पत्रं आणि डायरी १८१४ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि खूप खपली. अमेरिकेत मुलींची नावं हॅरिएट न्यूवेल ठेवली जाऊ लागली. तिच्याबद्दल वाचताना मला आधी रागच आला. इथल्या एकाही बाईशी बोलायच्या आधीच हिनं ठरवून टाकलं होतं की आम्ही अंधारात आहोत. मग स्वतःकडे पाहिलं. अठराव्या वर्षी माझीही किती मतं अशीच न भेटलेल्या माणसांबद्दल होती!

तिचा नवरा पुढे मुंबईला आला आणि १८२१ मध्ये कॉलऱ्यानं गेला. त्याच मिशननं १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. त्याच अमेरिकन बोर्डाचा रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आला. पुढे कोल्हापूरचं काम प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेलं आणि त्याच चर्चनं वानलेसला पाठवलं. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण या वाइल्डरपाशी दुसरी एक मुलगी भेटली, आणि ती आपल्या ओळखीची निघाली.

१८७८ मध्ये कोल्हापुरात पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी, तोवर अमेरिकेला परतलेल्या वाइल्डरला पत्र लिहिलं: बायकोला शिकवायचंय, मदत करा. वाइल्डरनं ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीच्या एका बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि मदतीचा हात पुढे केला.

आनंदीबाई १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषणाला उभ्या राहिल्या. कॉलेज कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेलं, गाव हॅरिएट राहिली तेच. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी तिथं सांगितलं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा अठरावं वर्ष पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. मिशनच्याच ओळखीपाळखीतून त्यांना वाट मिळाली, पण मिशनची अट त्यांनी मानली नाही. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. तिथं रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती.

एक द्यायला निघाली होती, दुसरी शिकायला. आनंदीबाईंनी तीन वर्षं परक्या घरात राहून, परक्या वर्गात बसून काढली. हॅरिएटला तेवढा वेळ मिळाला असता तर तिची मतं बदलली असती का, मला सांगता येणार नाही. पण मतं बदलायची तर आधी राहावं लागतं, एवढं मात्र पटलं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आजीला हे सगळं सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्या गोऱ्या पोरीच्या आईला कळलं का गं?"

जावयानं मॉरिशसहून पत्र लिहिलं होतं, मी म्हणाले. बोटीनं पोचायला काही महिने लागले असणार.

"म्हणजे तवर ती माउली लेकीच्या खुशालीची वाट बघत असंल," आजी म्हणाली आणि कूस वळवून झोपली.