फुलमणीचे अंगण आणि मुक्तीचा छापखाना

ख्रिस्ती स्त्रीने रोज बायबलचा एखादा उतारा वाचावा, त्यावर मनन करावे, मुलाबाळांना जवळ घेऊन प्रार्थना करावी आणि दिवसाचे व्यवहार त्या वचनाला धरून ठेवावेत, ही रीत आज कोलकात्यातल्या बंगाली घरांत आणि अहिल्यानगर-पुण्याकडच्या मराठी घरांत सारखीच ओळखीची आहे. पण तिचा इतिहास फार जुना नाही. या उपासनेला देवळापेक्षा आणि पाळकापेक्षाही आधी एका गोष्टीची गरज होती: बाईला वाचता येणे. म्हणून भारतातील ख्रिस्ती स्त्रियांच्या नित्योपासनेचा इतिहास हा मुख्यतः त्यांच्या अक्षरओळखीचा इतिहास आहे, आणि त्याची काही सुरुवातीची पाने कोलकात्यात, विशेषतः शहराच्या दक्षिण टोकाला, लिहिली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालीगंज हे शहराबाहेरचे मोकळे ठिकाण होते. युरोपीय अधिकाऱ्यांच्या बागबंगल्या, गव्हर्नर जनरलच्या अंगरक्षक दलाच्या बराकी आणि भोवती भाताची खाचरे, तळी, खेडी असे त्याचे रूप होते. पश्चिमेला लागून भवानीपूर होते आणि तेथे लंडन मिशनरी सोसायटीचे मोठे केंद्र होते. या केंद्रातील मिशनरी दक्षिणेकडच्या सखल, पाणथळ खेड्यांत जात. तेथील काही शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बहुतेक घरांत निर्णय पुरुषाचा असे आणि बाई त्याच्यामागून येई. तिचा बाप्तिस्मा होई, पण नव्या धर्मातले फारसे काही तिच्यापर्यंत पोचत नसे. उपदेश ऐकायला ती रविवारी जाई. उरलेल्या सहा दिवसांसाठी तिच्या हाती काहीच नव्हते.

मिशनरी विल्यम केरीने बंगाली नवा करार श्रीरामपूरला १८०१ मध्येच छापला होता. पुस्तक होते, वाचणारी नव्हती. मेरी अ‍ॅन कुक १८२१ मध्ये कोलकात्याला आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या; १८२६ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती शाळेचा पाया घातला गेला, आणि त्या इमारतीसाठी राजा बैद्यनाथ राय यांनी वीस हजार रुपये दिले. एका हिंदू जमीनदाराने मिशनच्या मुलींच्या शाळेला एवढी देणगी द्यावी, हे त्या काळच्या कोलकात्याबद्दल बरेच सांगून जाते. तरीही प्रौढ स्त्री या शाळांच्या बाहेरच राहिली. तिच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग हॅना कॅथरिन मलेन्स यांनी शोधला.

हॅना १८२६ मध्ये जन्मल्या. वडील आल्फॉन्स फ्रान्स्वा लाक्रोआ हे स्वित्झर्लंडहून आलेले मिशनरी. बंगाली भाषेवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते आणि दक्षिणेच्या खेड्यांत त्यांचे नाव होते. मुलगी बंगाली ऐकत आणि बोलतच वाढली. पुढे मिशनरी जोसेफ मलेन्स यांच्याशी लग्न झाल्यावर भवानीपूरला त्यांनी मुलींची निवासी शाळा चालवली आणि ख्रिस्ती बायकांचे बायबल वर्ग घेतले. या बायकांसाठी लिहिलेले ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ हे त्यांचे पुस्तक १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी रचलेले, असे त्याच्या शीर्षकपृष्ठावरच म्हटले होते. त्याचा काही भाग एका इंग्रजी बोधकथेवर आधारलेला असला तरी माणसे, घरे, बोली बंगाली खेड्यातली आहेत.

कथेची निवेदिका एका इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आहे. खेड्यातल्या ख्रिस्ती वस्तीत ती दोन बायकांना भेटते. फुलमणीचे अंगण झाडलेले, मुले नेटकी, बोलणे मृदू. धर्मपुस्तक तिच्या घरात रोजच्या वापरातले आहे. करुणाच्या घरी भांडण, अस्वच्छता आणि दारूचा उच्छाद आहे. नावापुरती ती ख्रिस्ती आहे. करुणा पालटते ती एखाद्या प्रवचनाने नव्हे. शेजारणीचे रोजचे वागणे, निवेदिकेच्या फेऱ्या, घरातल्या दुःखाचे आघात यांतून ती हळूहळू, मागेपुढे होत बदलते. श्रद्धा ही दिवसादिवसाने वाढणारी गोष्ट आहे आणि तिची परीक्षा चुलीपाशी, मुलांपाशी, नवऱ्याशी बोलताना होते, हे या पुस्तकाइतक्या तपशिलाने तोवर कोणत्याही भारतीय भाषेतील गद्यकथेने क्वचितच मांडले असेल.

पुस्तकात उणेपणाही आहे. झाडलेले अंगण आणि निर्मळ मन यांची सांगड मलेन्स फार सहज घालतात. व्हिक्टोरियन गृहिणीचा आदर्श त्यांनी बंगाली झोपडीत आणून बसवला आणि गरिबीमुळे येणाऱ्या अव्यवस्थेलाही त्यांनी कधीकधी दोष ठरवले. निवेदिकेच्या नजरेत मालकिणीचा वरचढपणा आहे. तरीही एक गोष्ट मोलाची आहे. खेड्यातल्या गरीब बाईला स्वतःचे अंतर्मन असते, तिला पश्चात्ताप, संशय, निर्धार या अवस्था असतात आणि त्या कथेचा विषय होण्याइतक्या महत्त्वाच्या असतात, हे या लेखिकेने गृहीत धरले. प्यारीचाँद मित्रांची ‘आलालेर घरेर दुलाल’ १८५८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ मध्ये. पहिली बंगाली कादंबरी कोणती या वादात म्हणूनच मलेन्स यांचे नाव येते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. तीही एका ख्रिस्ती लेखकाची आणि तीही स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या दुःखाविषयी. दोन भाषांतले कादंबरीचे आरंभ स्त्रीच्या जगण्याचा असा विचार करतात, हा केवळ योगायोग मानता येत नाही. बाईने वाचावे म्हणून जे गद्य लिहायचे, ते बोलीजवळचे आणि घरातल्या प्रसंगांचे असावे लागले.

१८५५ च्या सुमारास मिशनरी जॉन फोर्डाइस यांच्या पुढाकाराने कोलकात्यात अंतःपुरातील शिक्षणाची योजना आकाराला आली. पडद्यातल्या स्त्रियांना त्यांच्याच घरी जाऊन शिकवायचे, अशी ती होती. मलेन्स यांच्या भरतकामावर खूश झालेल्या एका बंगाली गृहस्थाने ते आपल्या पत्नीला शिकवायला त्यांना घरी बोलावले, आणि अंदरमहालाचे दार उघडले, असे सांगितले जाते. भरतकामाबरोबर अक्षरे आली, अक्षरांबरोबर शुभवर्तमान आले. या कामासाठी पुढे भारतीय ख्रिस्ती स्त्रिया नेमल्या जाऊ लागल्या. त्यांना ‘बायबल वुमन’ म्हणत. त्यांतल्या अनेकजणी विधवा होत्या. घरोघर जाऊन वाचून दाखवणे, आजाऱ्यापाशी बसणे, मुलींना मुळाक्षरे गिरवायला लावणे, हे त्यांचे काम. मंडळीच्या नोंदींत पाळकांची नावे राहिली, यांची फारशी राहिली नाहीत. रोजची उपासना घरात टिकवली ती मात्र बव्हंशी यांनी. १८६१ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, मलेन्स वारल्या तेव्हा अंतःपुरातल्या स्त्रियांसाठीच त्या आणखी एक पुस्तक लिहीत होत्या.

१८६२-६३ मध्ये सियालदहहून दक्षिणेला कॅनिंगपर्यंत रेल्वे गेली आणि बालीगंज त्या मार्गावरचे स्थानक झाले. विसाव्या शतकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूसारखे रुंद रस्ते काढले, दलदल भरली गेली, आणि बागबंगल्यांच्या जागी मध्यमवर्गीय वस्ती उभी राहिली. तोवर ख्रिस्ती बंगाली स्त्रीही बदलली होती. चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये कादंबिनी गांगुली यांच्यासह पदवीधर झाल्या, पुढच्या वर्षी एम.ए. झाल्या आणि नंतर बेथून कॉलेजच्या प्रमुख झाल्या. फुलमणीला जे कोणी वाचून दाखवत होते, ते वाचायला शिकवणारी आता तिच्याच समाजातून येऊ लागली. बालीगंज सर्क्युलर रोडवरील युनायटेड मिशनरी ट्रेनिंग कॉलेज हे स्त्री-शिक्षिका घडवणारे महाविद्यालय याच परंपरेचे आजचे रूप आहे.

मराठी स्त्रियांच्या बाबतीत या परंपरेला जे वळण लागले त्याचाही एक धागा कोलकात्यातून जातो. १८७८ मध्ये वीस वर्षांच्या रमाबाई डोंगरे भावासह तेथे आल्या, तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच मुक्कामात एका ख्रिस्ती मेळाव्यात खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करणारे लोक त्यांनी पाहिले आणि ते खुर्च्यांचीच पूजा करतात असे त्यांना वाटले. तेथे मिळालेले संस्कृत बायबल त्यांना कळले नाही, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या स्त्रीलाही जे कळले नाही ते सामान्य बाईला काय कळणार, हा प्रश्न या प्रसंगातच दडलेला होता. पुढे लग्नानंतर सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली लूकचे शुभवर्तमान सापडले, ते मात्र मनाला भिडले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईला शारदा सदन काढले आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आसरा देत केडगावला मुक्ती सदन उभे केले.

मुक्तीमध्ये प्रार्थना हा दिवसाचा कणा होता, पण ती कामापासून वेगळी काढलेली नव्हती. विणकाम, शेती, स्वयंपाक, छपाई आणि वाचनवर्ग यांच्या मधून ती जाई. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले तेव्हा सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. काही महिन्यांत ती संख्या शेकड्यांत गेली आणि जूनअखेरीस तेथे जी जागृती झाली तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती पत्रांनी घेतली. त्या भावावेगाकडे अनेकांनी संशयाने पाहिले. रमाबाईंचे मोठे काम मात्र त्यानंतरच्या शांत वर्षांचे आहे. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने सदनातल्या खेडवळ, नव्याने साक्षर झालेल्या बायकांना ते जड जाते, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. पंडिता म्हणून गौरवलेल्या स्त्रीने पांडित्य बाजूला ठेवून, दळण दळणाऱ्या बाईला समजेल असे वाक्य शोधत वर्षानुवर्षे घालवली.

सदनातच छापखाना होता आणि जुळणी, छपाई, बांधणी ही कामे तेथल्या स्त्रियाच करत. पाने छापली जात होती, मुद्रिते तपासली जात होती, आणि याच काळात १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.