एका दिवसाची मजल

कोल्हापूरकरांचा लांबचा रस्ता तावडे हॉटेलच्या चौकात सुरू होतो. उत्तरेला साधारण २३० किलोमीटरवर पुणं, दक्षिणेला ११० किलोमीटरवर बेळगाव आणि त्याच रस्त्यानं पुढे ६१०च्या आसपास बंगळूर. पहाटे चारला मोटारसायकल काढली तर संध्याकाळपर्यंत बंगळूर गाठता येतं, आणि गाडीचा नाद असलेले कितीतरी जण ते गाठतातही. अलीकडे मात्र एवढ्यावर भागत नाही. एका दिवसात हजार किलोमीटर, मग चोवीस तासांत सोळाशे, असे आकडे त्यांच्या बोलण्यात येऊ लागले आहेत. एवढं अंतर एका दमात कापण्यात मजा असते का? या प्रश्नाचं उत्तर आजच्या गाड्यांपेक्षा या मुलखातल्या जुन्या प्रवासात जास्त सापडतं.

कोल्हापूरच्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध मजल जुलै १६६०मधली आहे. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज भर पावसात, रात्रीच्या अंधारात पन्हाळ्यावरून निघाले आणि साठ किलोमीटरांहून दूर असलेल्या विशाळगडावर पोचले. डोंगर, चिखल, ओढे आणि मागे शत्रूची घोडी. पालखीचे भोई खांदे बदलत धावत होते. दुसऱ्या पालखीत बसून शिवा काशीद शत्रूच्या हाती पडले. बाजीप्रभू देशपांडे निम्म्या मावळ्यांसह घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, उभे राहिले. एका माणसाला विशाळगडावर पोचवण्यासाठी शेकडो जणांनी ते अंतर आपापसांत वाटून घेतलं होतं. आज दर जुलैमध्ये याच वाटेवरून पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती निघते, तेव्हा बहुतेक तुकड्या मधे मुक्काम करून दोन दिवस घेतात. वाट तीच, पाऊसही तोच. मागे शत्रू नसला की पायांना आपली चाल निवडता येते.

पुढच्या काळातही मोठी अंतरं अशी वाटूनच कापली गेली. टपालाचे हरकारे आपल्या टप्प्यापुरते धावत आणि थैली पुढच्याच्या हाती देत. डाकेच्या टांग्यांचे घोडे ठिकठिकाणी बदलले जात. घोड्याबरोबर प्रवास करणाऱ्याला एक सोय आपोआप मिळे, कारण कुठे थांबायचं ते जनावर सांगे. तोंडाला फेस आला, चाल मंदावली की लगाम सैल सोडावाच लागे. राजर्षी शाहू महाराज आपल्या खडखड्यात, म्हणजे घोडागाडीत, बसून संस्थानात हिंडत. घोडे हाकण्यात तरबेज असलेल्या त्या राजालाही घोड्यांचा दम पाहूनच पुढची वाट धरावी लागत असणार. १८९१मध्ये कोल्हापूर–मिरज रेल्वे सुरू झाली. १ जून १९४८ला पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर एसटीचं जाळं इथेही पसरलं. गाड्या बदलल्या, तरी लांबच्या पल्ल्यावर इंजिनं, ड्रायव्हर, कंडक्टर बदलायची रीत कायम राहिली.

ही रीत आजही डोळ्यांना दिसते. शिवजयंतीच्या आदल्या रात्री पन्हाळ्याच्या किंवा आणखी लांबच्या गडाच्या वाटेवर उभं राहिलं की शिवज्योत घेऊन धावणारी पोरं भेटतात. एक जण काही अंतर धावतो, ज्योत दुसऱ्याच्या हाती देतो आणि टेम्पोत चढतो. मागेपुढे मोटारसायकली हळूहळू चाललेल्या असतात. रात्रभर धावून ज्योत गावात पोचते तेव्हा सगळ्या गावाला झालेला आनंद खरा असतो, कारण ती मजल सगळ्यांची असते.

मोटारसायकलनं ही वाटणी मोडली. तिच्यावर बसलेल्याला खांदा बदलायला कुणी नाही. भारताच्या रस्त्यांवर ती सर्रास दिसू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आधी लष्करानं विकायला काढलेल्या ब्रिटिश गाड्या आल्या, मग देशातच कारखाने उभे राहिले. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया आली आणि तिची बुलेट पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बनू लागली. १९६१पासून म्हैसूरच्या आयडियल जावामधून जावा बाहेर पडू लागली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजच्या स्कूटर आणि नंतर चाकणला मोटारसायकली तयार होऊ लागल्या. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ मुंबई–पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत मद्रासला जात असे. म्हणजे देशातले मोटारसायकलींचे काही मोठे कारखाने याच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास होते आणि कोल्हापूर त्यांच्या मधोमध.

त्या गाड्यांवर लांब जायचं म्हणजे गाडीचं ऐकत जायचं. जावा दोन-स्ट्रोक असल्यामुळे दर वेळी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. प्लग काळा पडला की रस्त्याच्या कडेला बसून तो घासायचा. जादा प्लग, क्लचची केबल आणि पाने घेतल्याशिवाय कुणी घाटाकडे वळत नसे. बुलेटची किक मारायची तर आधी अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन योग्य जागी आणावा लागे. रस्ताही एकपदरी-दुपदरी. पुण्याकडे जाताना पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज, सातारा ही गावं बाजूला पडत नसत, पोटातूनच जावं लागे आणि शेवटी खंबाटकी नि कात्रज चढावे लागत. बंगळूरच्या बाजूला निपाणीपुढे तवंदीचा घाट. इंजिन तापलं की घाटमाथ्यावर अर्धा तास थांबणं भाग. त्या अर्ध्या तासात चहा होई, पाठ मोकळी होई, दरी बघून होई. पूर्वी घोडं थकत असे, नंतर इंजिन थकू लागलं. बसणाऱ्याला विसावा मिळायचा तो त्यांच्यामुळेच.

१९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हे गणित बदललं. शंभर सीसीपेक्षाही थोडी लहान, चार-स्ट्रोक, पेट्रोल जेमतेम पिणारी ही गाडी दिवसभर चालवली तरी कुरकुर करत नसे. जावा आणि नंतर येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्ये बंद पडला. २००१मध्ये बजाजची पल्सर आणि २००३मध्ये हिरो होंडाची करिझ्मा बाजारात आली, आणि मध्यमवर्गीय घरातल्या पोराला ताशी शंभरचा वेग तासन्‌तास टिकवणारी गाडी परवडू लागली. त्याच सुमाराला सुवर्ण चतुष्कोन योजनेतून मुंबई–चेन्नई रस्ता चौपदरी होत होता. गावांना वळसे पडले, खंबाटकीला बोगदा झाला. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे किणी आणि तासवडेच्या नाक्यांवरही थांबण्याचं कारण उरलं नाही. यंत्र थकेनासं झालं, रस्ता अडवेनासा झाला. आता थकणारा एकच उरला, आणि आपण किती थकलो आहोत हे त्याला स्वतःला सगळ्यात उशिरा कळतं.

याच पोकळीत सोळाशेचा आकडा आला. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर, मोटारसायकल चालवणाऱ्याला ‘सॅडलसोर १०००’ हे प्रमाणपत्र देते. पेट्रोलच्या पावत्या, ओडोमीटरची नोंद, सुरुवातीला आणि शेवटी साक्षीदार, असा सगळा पुरावा द्यावा लागतो. या परंपरेतली मोठी शर्यत, आयर्न बट रॅली, पहिल्यांदा १९८४मध्ये झाली आणि ती अकरा दिवस चालते. अमेरिकेच्या मैलोन्‌मैल सरळ, ओसाड, कुंपण घातलेल्या हमरस्त्यांवर हा हिशेब जमू शकतो. भारतातल्या तरुणांनीही तो उचलला. त्यासाठी लागणारी जिद्द खरी आहे, तिला कमी लेखण्याचं काही कारण नाही. पण हा आकडा आपल्या रस्त्यावर मांडून पाहायला हवा.

कोल्हापूरहून बंगळूरला जाऊन परत यायचं आणि मग पुण्याला जाऊन परत यायचं, तर सुमारे १६८० किलोमीटर होतात. म्हणजे सॅडलसोर पूर्ण. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. एक क्षणही वेग न उतरता ऐंशीनं गेलं, तरी १६१० किलोमीटरांना वीस तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. जेवण, पेट्रोल, लघवी, झोप या सगळ्यांना मिळून चार तासही उरत नाहीत. प्रत्यक्षात घाट आहेत, वळणं आहेत, रस्त्याची कामं चालू आहेत. सरासरी सत्तरवर आली की गाडीवरचेच तेवीस तास होतात. उरलेला एक तास चार वेळा टाकी भरण्यातच जातो. म्हणजे इथे हा पराक्रम करायचा तर झोप सोडावी लागते किंवा कायदा मोडावा लागतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

त्यात रात्र येते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, कऱ्हाडच्या पट्ट्यात उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. समोरून ट्रकचा झोत डोळ्यांत आला की पुढची ट्रॉली दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. पहाटे दोन ते पाचच्या मधे शरीर झोप मागतंच. हँडलच्या थरथरीनं बोटं बधिर झालेली असतात, वाऱ्यानं घाम वाळत राहिल्यामुळे अंगातलं पाणी कमी झाल्याचं कळत नाही. काही सेकंदांची डुलकी लागून गेली हे त्या माणसाला आठवतही नाही. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हा आकडा माहीत असताना जागं राहण्याच्या स्पर्धेला खेळ म्हणणं कठीण आहे.

मग दिवसभराच्या लांब सफरीत आनंद नसतोच का? भरपूर असतो, आणि तो नेमका कुठे असतो ते बंगळूरच्या रस्त्यावर दाखवता येतं. उजाडताना कागलजवळ दूधगंगा ओलांडायची, निपाणीजवळ वेदगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, मग घटप्रभा, एम. के. हुबळीला मलप्रभा. धारवाडच्या आसपास तांबड्या मातीची काळी होते. हावेरीपुढे ब्याडगीचा फाटा लागतो. कोल्हापूरच्या घराघरात वर्षाची चटणी करताना जी लालबुंद, सुरकुतलेली मिरची हमखास आणली जाते, तिचा हा बाजार. हरिहरला तुंगभद्रा, दावणगेरेत लोण्याचा डोसा, आणि दुपार कलताना चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या. इथवर चारशे किलोमीटर झालेले असतात. भाषा बदललेली असते, पाट्यांची लिपी बदललेली असते, हवेतली ऊब बदललेली असते, आणि हे सगळं उघड्या अंगावर झेलत एकाच दिवसात पार केलेलं असतं. बसच्या काचेतून किंवा मोटारीच्या एसीतून हे असं मिळत नाही. नदीवरचा गारवा आणि पुढच्या मळ्यातला उकाडा यांतला फरक मोटारसायकलवरच्या माणसाला गुडघ्यांत कळतो. त्यासाठीच दिवसभर खोगिरावर बसायचं. हाच रस्ता अंधारात, पापण्या ताणून, दोनदा तुडवला तर यातलं काहीच हाती लागत नाही.

मोठं अंतर वाटून कापावं, हे लांब पल्ल्याची शान मिरवणाऱ्या कंपनीनंही कधीकाळी ओळखलं होतं. १९६४मध्ये रॉयल एनफिल्डनं इंग्लंडमध्ये आपली नवी कॉन्टिनेंटल जीटी गाजवण्यासाठी ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत चोवीस तासांच्या आत पळवली. अंतर सॅडलसोरपेक्षा कमीच होतं. तरी गाडी एक आणि चालवणारे पाच होते, आळीपाळीनं. हरकाऱ्यांची आणि शिवज्योतीची रीतच ती.

एकट्यानं जायचं असेल तर दुसरा एक धडा सायकलवाल्यांकडे आहे. कोल्हापूर, सांगली, पुण्यातले सायकलस्वार ज्याला बीआरएम म्हणतात, त्या फ्रेंच परंपरेच्या सफरीत २०० किलोमीटरांना साडेतेरा तास मिळतात आणि ६००ना चाळीस. पण त्याला खालचीही मर्यादा आहे. २००चा शेवटचा थांबा ५ तास ५३ मिनिटांआधी उघडतच नाही, ६००चा १८ तास ४८ मिनिटांआधी. लवकर पोचलेल्याला बाहेर थांबावं लागतं. त्यामुळे उगाच धावत सुटण्यात कुणाला रस राहत नाही. कोल्हापुरातल्या मोटारसायकल गटांनी असाच नियम लावून पाहावा: कोल्हापूर–बंगळूर, सूर्योदयानंतर निघायचं, अंधाराआधी मधेच चित्रदुर्गला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं, आणि ठरल्या वेळेआधी आलेल्याला पदक द्यायचं नाही. अंतर वाटून घ्यायला दुसरा माणूस नसेल, तर ते दोन दिवसांत तरी वाटून घेता येतं.