पाच दिव्यांचा विमा

चाळीसच्या दशकात गिरणी कामगाराने अंथरूण धरलं की घरावर दोन संकटं एकदम कोसळत. औषधाचा खर्च वाढे आणि त्याच दिवसापासून मजुरीही बुडे. मग सावकाराचं दार, किंवा अंगात ताप असतानाच पुन्हा साच्यावर उभं राहणं.

कायदे होते, पण तुटक. कामावर अपघात झाला तर १९२३चा भरपाईचा कायदा. बाळंतिणीसाठी मुंबई इलाख्यात १९२९चा. दोन्हींत पैसे एकट्या मालकाने मोजायचे, त्यामुळे टाळाटाळीला वाव होता. साध्या आजारपणाला तर कुणीच वाली नव्हता.

१९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं. मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. पुढच्या वर्षी अहवाल आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यात मोलाची भर घातली: आजारपण, बाळंतपण आणि कामावरची इजा हे सारं एकाच निधीतून भागवावं. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून तो उभा राहणार होता. त्यातूनच १९४८चा राज्य कामगार विमा कायदा झाला.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं. दिल्लीतही ती त्याच दिवशी सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली. मुंबईच्या कामगार वस्त्यांत ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द रुळला. विम्याचं कार्ड घेऊन कामगार आपल्याच वस्तीतल्या खासगी डॉक्टरकडे जाई, तपासून घेई आणि सर्टिफिकेट मिळवी. हा कागद विमा कार्यालयात दिला की बुडालेल्या मजुरीचा काही भाग हाती पडे.

सुरुवातीला उपचार फक्त कामगारापुरतेच होते. बायकामुलं पुढे टप्प्याटप्प्याने आली.

योजनेच्या बोधचिन्हात पाच दिवे आहेत, पाच लाभांचे. अनेक घरांना मात्र त्यातला दवाखान्याचा एकच ठाऊक असतो. प्रत्यक्षात आजारी रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयरोग, कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के आणि अधिक काळ. बाळंतपणात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पूर्ण मजुरी मिळते. कामावरच्या इजेने तात्पुरतं अपंगत्व आलं तर ९० टक्के. कामावरील अपघातात मृत्यू आला तर अवलंबितांना पेन्शन. अर्थात अटी आहेत. आजारपणाच्या पैशांसाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

या विम्याची दुखरी नसही इथेच आहे: तो नोकरीला बांधलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा नोकरीसोबत कामगाराचं हे छत्रही गेलं.

२०१९ पासून मालक मजुरीच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. २०१७ मध्ये योजनेत येण्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरली. योजना लागू असलेल्या आस्थापनेत कंत्राटी कामगारही त्यात येतात आणि त्यांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसत असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्यावा, घरच्यांची नावं नोंदवावीत आणि पाचही लाभ हक्काने मागावेत.