न विकायचा तुकडा : भूखंडांच्या रेखांकनाचा एक इतिहास

जमिनीचे भूखंड पाडण्यासाठी मंजुरीला द्यावयाचा नकाशा हा ललित वाङ्मयाचा विषय नव्हे, हे मान्य करूनच या लेखाला आरंभ करतो. परंतु आपल्या शहरांचा गेल्या शतकातील इतिहास ज्या कागदांवर लिहिला गेला, त्यांत या नकाशाइतका महत्त्वाचा आणि इतका दुर्लक्षित कागद दुसरा नाही. या नकाशाची भाषा ठरलेली असते. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेने दाखवायची, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने, आणि पाडून टाकायचे बांधकाम पिवळ्या रंगाने. नकाशा एकास पाचशे या प्रमाणाचा असावा. क्षेत्र चार हेक्टर किंवा त्याहून मोठे असेल तर एकास हजार चालतो. उत्तर दिशा, लगतचे रस्ते, प्रत्येक भूखंडाची लांबी-रुंदी आणि एकूण क्षेत्राचा तक्ता हवा. या सर्वांत एक जागा फिकट हिरव्या रंगाने भरलेली असते. ती विकायची नसते. भूखंडांच्या रेखांकनाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या हिरव्या तुकड्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

या व्यवहारात वावरणारे शब्द पाहिले तरी त्या इतिहासाचे थर दिसू लागतात. पुण्याकडे 'रेखांकन' म्हणतात, नागपुराकडे 'अभिन्यास' म्हणतात आणि बोलताना दोन्हीकडचे लोक 'लेआउट' म्हणतात. जमिनीचा निवासी वापर सांगण्यासाठी आपल्याकडे 'बिनशेती' हा शब्द आहे, विदर्भात 'अकृषक'. म्हणजे ज्या जागेवर माणसे राहणार, तिची ओळख तेथे काय नाही यावरून ठरते. हा नकार महसूल खात्याच्या दृष्टीतून आलेला आहे.

ब्रिटिशपूर्व काळात वस्ती वसवण्याची रीत वेगळी होती. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या त्या कौल देऊन. शेटे-महाजनांना कौल मिळे, काही वर्षे करांत सूट असे, आणि त्या बदल्यात त्यांनी बाजार व वस्ती उभी करायची. या व्यवस्थेत रस्त्याची रुंदी नकाशाने ठरत नसे. ती वहिवाटीने आणि शेजाऱ्यांच्या भांडणांनी ठरे. वस्ती कोणी वसवायची आणि तिची जबाबदारी कोणावर, हे मात्र निश्चित असे.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी आली. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीचे काम सुरू झाले व पुढे ती पद्धत दख्खनभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी हे तिचे माप. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. या मोजणीचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने शेतजमिनीचा इतर कारणासाठी वापर करायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. त्यामागचा मुख्य प्रश्न आकारणीचा होता. घर कोठे बांधावे, सांडपाणी कोठे जावे, मुलांनी कोठे खेळावे, हे त्या परवानगीच्या विचारकक्षेत फारसे नव्हते. आपल्या मंजुरीचा पहिला पूर्वज तिजोरीच्या घरचा आहे, तो असा.

दुसरा पूर्वज प्लेगच्या घरचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्तीवर त्याचा घाला किती भयंकर पडतो हे सरकारला दिसले आणि १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर या न्यासाने आखलेली वस्ती आजही पाहता येते. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स यांत फिरताना जो मोकळेपणा जाणवतो, तो कोणाच्या रसिकतेतून आपोआप उगवलेला नाही. आधी रस्ते व बागा कागदावर राखून ठेवल्या आणि उरलेले भूखंड दिले, या क्रमाचे ते फळ आहे.

हा क्रम खाजगी जमिनीला लावण्याचा प्रयत्न म्हणजे १९१५ चा मुंबई नगररचना अधिनियम. त्याची कल्पना सोपी होती. एका भागातील सर्व मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या, आणि उरलेली जमीन नव्या चौरस आकारात ज्याची त्याला परत द्यायची. प्रत्येकाचे क्षेत्र कमी होई, पण जमिनीचे मोल वाढे आणि त्या वाढीतला हिस्सा योजनेच्या खर्चासाठी द्यावा लागे. पुण्यात शिवाजीनगर, एरंडवणे या भागांतील जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' असा उल्लेख येतो तो या योजनांचा ठसा होय. हिरवा तुकडा सर्वांनी मिळून सोडायचा असतो, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत प्रथम स्पष्टपणे उतरले.

त्याच सुमारास, १९१६-१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने जयसिंगपूर वसवले. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, अशी त्या बाजारपेठेची आखणी आहे. जयसिंगपुराहून सांगली काही मैलांवर आहे. पाऊण शतकानंतर त्याच सांगली-मिरजेच्या परिसरात जे घडले ते जयसिंगपुराच्या नेमके उलट होते, म्हणून हे गाव येथे लक्षात ठेवावयाचे.

स्वातंत्र्यानंतर कायदे वाढले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेततुकडे पाडण्यास मनाई केली. हेतू शेती वाचवण्याचा होता. १९५४ च्या नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांवर विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता हे दोन्ही कायदे झाले. पहिल्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जमिनीचे रेखांकन व उपविभागणी यांचा समावेश झाला. म्हणजे एक वीटही न रचता केवळ जमिनीचे भाग पाडणे हेसुद्धा परवानगीवाचून करता येणार नाही, असे ठरले. तिजोरीचा आणि प्लेगचा असे दोन्ही वारसे आता एकाच अर्जदाराच्या दारात उभे राहिले. त्याने नगररचना कार्यालयात जायचे, जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे, तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी व सीमांकन करून घ्यायचे, आणि मग अंतिम मंजुरी मिळवायची.

यात एक विसंगती होती. शहरालगतच्या गावांत जमिनीची मागणी वाढत होती, परंतु कायदेशीर भूखंड त्या वेगाने तयार होत नव्हते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटर आणि पुण्यासारख्या शहरांत १००० चौरस मीटर यांहून अधिक मोकळी जमीन बाळगण्यास बंदी केली. जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी हा उद्देश होता. प्रत्यक्षात अनेक मालकांना जमीन सरकारजमा होण्यापेक्षा ती गुंठ्यागुंठ्याने विकून टाकणे बरे वाटले. महाराष्ट्रात हा कायदा २००७ मध्ये रद्द झाला, पण तोवर तीन दशके उलटली होती.

येथे 'गुंठेवारी' हा शब्द जन्मला असे म्हणता येईल. मोजणीच्या साखळीतून आलेले माप वस्तीचे नाव झाले. शेतमालक किंवा त्याचा मध्यस्थ रान आखी, चुन्याच्या रेघा मारी आणि एकेक, दोनदोन गुंठे विकी. खरेदीखत नोंदवता येत नसे, म्हणून मुद्रांकाच्या कागदावर साठेखत होई. सात-बारावर नाव लागले तर सामाईक लागे, नाही तर मूळ मालकाचेच राही. घेणारे कोण होते? गिरणीतला कामगार, एस.टी.चा वाहक, हातगाडीवाला, प्राथमिक शिक्षक, खेड्यातून आलेले कुटुंब. मंजूर रेखांकनातील भूखंड त्यांच्या ऐपतीत नव्हता. या लोकांना 'अनधिकृत' म्हणताना त्यांनी पैसे मोजून जमीन घेतली होती, हे विसरता कामा नये. त्यांना जे मिळाले नाही ते हिरव्या तुकड्याच्या रूपातले होते. विकणाऱ्याने शेवटचा गुंठाही विकला. रस्ता म्हणून आठ-दहा फुटांची बोळ राहिली. गटारीला उतार नाही, शाळेला जागा नाही, आग लागली तर बंब आत शिरत नाही.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली तेव्हा तिच्या वाट्याला अशा वस्त्यांचा मोठा पसारा आला. पावसाळ्यात तेथे चिखल आणि साचलेले पाणी हा दरवर्षीचा विषय होऊन बसला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हेच झाले. नागपुरात तर '५७२ अभिन्यास' आणि '१९०० अभिन्यास' ही जणू विशेषनामेच झाली. ते आकडे सुधार प्रन्यासाने नियमित करण्यासाठी हाती घेतलेल्या अनधिकृत अभिन्यासांचे आहेत. अखेर २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी प्रशमन शुल्क व विकास शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली गेली. तुकडेबंदीतही तसेच. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य घेऊन तुकडे नियमित करण्याची तरतूद झाली, २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये तेही माफ करण्यात आले.

या शिथिलीकरणाला सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही. लाखो माणसांना बेकायदा ठेवून कोणतेही नगर चालत नाही. पण नियमित होते ते काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. शुल्क भरल्याने कागद नियमित होतो. आठ फुटांची बोळ वीस फुटांची होत नाही. विकलेला तुकडा शुल्काने परत मिळत नाही.

मंजूर रेखांकनात तरी हा तुकडा सुरक्षित असतो काय? तेथेही इतिहास फार दिलासा देत नाही. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरवले. दिल्लीच्या पंडित चेतराम वशिष्ठ यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. रेखांकन मंजूर करताना राखीव जागेची मालकी महापालिकेला फुकट देण्याची अट घालता येत नाही, मात्र मालकालाही ती जागा दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तुकड्याचे विचित्र स्थान ध्यानात येते. मालक आहे पण त्याला उपभोग नाही. उपभोग सर्वांचा आहे पण ताबा कोणाचाच नाही. सात-बारावर किंवा मिळकतपत्रिकेवर मूळ विकसकाचे नाव तसेच राहते, वीस वर्षांनी त्याचे वारस येतात, आणि हिरव्या रंगावर कुंपण पडते. कधी तेथे मंदिर उठते, कधी समाजमंदिर, कधी कोणा पुढाऱ्याचे संपर्क कार्यालय.

डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका क्षेत्र व आणखी काही अपवाद वगळता राज्यभर एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. पूर्वी गावोगावी निराळे असलेले नियम तिने एका पुस्तकात आणले, ही सोय मोठी आहे. तीनुसार ४००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ४००० चौरस मीटर म्हणजे एकराला किंचित कमी. साडेएकोणचाळीस गुंठ्यांच्या आतबाहेर खेळणारा हा आकडा, विंगेटच्या साखळीची आठवण करून देणारा, आजही ठरवतो की एखाद्या वस्तीला अंगण असेल की नसेल.

कौल देणाऱ्या काळात वस्तीची जबाबदारी माणसावर होती. आपल्या काळात ती नकाशावर आहे. नकाशा स्वतः राखण करू शकत नाही. म्हणून भूखंड घेणाऱ्याने आपल्या चतुःसीमा पाहाव्यात तशी त्या हिरव्या जागेची चतुःसीमाही पाहावी, तिचा उतारा कोणाच्या नावावर आहे ते विचारावे, आणि सोसायटीच्या पहिल्याच सभेत तिची नोंद करून घ्यावी. मंजुरीची प्रत बहुतेक घरांत कर्जाच्या कागदांबरोबर कपाटात पडून असते. ती एकदा बाहेर काढून, हातात घेऊन, त्या जागेवर जाऊन उभे राहिले तर तेथे आज काय आहे ते कळेल.